हाराची तार

बुधवार, संध्याकाळ

किळस आली आज स्वतःची. निमोण्याच्या आप्पांची पेट्रोलची पिकअप तीन दिवस माझ्या गॅरेजात पडून. उभ्या जागी इंजिन थडथडायचं, प्लग पांढरेफटक, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, सेन्सरही बदलला. फरक शून्य. तिकडे आप्पांचे टोमॅटो बाजाराविना नासले.

आज इंजिन चालू ठेवून हवेच्या रबरी पाइपावर पाणी शिंपडलं, तर थडथड क्षणभर थांबली; म्हणजे पाण्यानं कुठली तरी चीर बुजली होती. बघतो तर पाइपाला बारीक तार आवळलेली. तिनंच रबर कापलं होतं, हवा तिथूनच आत शिरत होती.

माझं तोंड सुटलं. "कोण्या गाढवानं बांधली ही?" आप्पांचा ड्रायव्हर माझ्या बापाच्या वयाचा, त्याला चारचौघांत नको नको ते बोललो.

आप्पा हळूच म्हणाले, "आरं, दसऱ्याला पूजा करताना इंजिनाला झेंडूचा हार तूच बांधला व्हतास की. फुलं गळली, तार ऱ्हायली."

ती तार अजून माझ्या खिशात आहे. टोचते आहे. आणि मी काय केलं? नवा पाइप बसवला, ड्रायव्हरच्या हातात किल्ली दिली आणि म्हणालो, "आता तरी नीट वापरा."