गरम खोलीची तक्रार

साहेब,

मागच्या आठवड्यात जोह्याला जाऊन एक सेन्सर तपासून आले. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं?" भाचीने बोलावलं. तिचा शाडूच्या मूर्तींचा कारखाना आहे. पावसात मूर्ती वाळत नाहीत म्हणून तिने एक खोली बंदिस्त करून हीटर लावले आणि सेन्सरचं तापमान बघून ते चालू-बंद करणारी कंट्रोलरची पेटी बसवली. खोलीचं तापमान पेणला घरबसल्या मोबाइलवर दिसतं. मोबाइलवर सगळं ठीक, आणि खोलीत मूर्तींना सोंडेपासून पोटापर्यंत भेगा. आणखी एक खेप फुटली असती तर यंदाच्या ऑर्डरी हातच्या गेल्या असत्या, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. पेटी बसवणाऱ्याला मी फोन केला. तो म्हणाला, "आजी, लाइट सारखी जाते, त्याने सेन्सर उडतो. अख्खी पेटीच बदला. तुम्हाला नाही कळायचं ते." मी त्याला जे सुनावलं ते कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरना आवडलं नसतं, पण इंग्रजीत मात्र त्यांना चूक सापडली नसती.

मग मला रोह्याच्या कारखान्यातला आपला इन्स्ट्रुमेंट विभाग आठवला. मी नवी, विभागात एकटी बाई. एका टाकीचं तापमान भलतंच कमी दिसतंय आणि मी पॅनेलसमोर बसूनच जाहीर करते, सेन्सर खराब आहे. तुम्ही चष्मा पुसत म्हणता, "मॅडम, खुर्चीत बसून निदान ज्योतिषी करतात. कँटीनमधून बर्फ आणा." मला वाटलं, कॉन्व्हेंटवाल्या पोरीची चेष्टा चालली आहे. रागारागाने पेलाभर बर्फ आणला. त्यात बुडवल्यावर सेन्सरने शून्य दाखवलं, उकळत्या पाण्यात शंभर. बिचारा खरं तेच बोलत होता. "आता तो कुठे राहतो ते बघू," म्हणत तुम्ही टाकीचा जिना चढायला लागलात. वर पाहिलं तर तो आपल्या नळीत अर्धाच आत गेलेला. टाकी गरम आणि हा बाहेरच्या गारव्याची बातमी देतोय. त्या जिन्यावर माझा राग गेला आणि जे कुतूहल लागलं ते अजून सुटलेलं नाही.

जोह्याला मी तेच केलं. भिंतीतून बाहेर आलेली बोटाएवढी स्टीलची दांडी, तो सेन्सर. काढून बर्फात घातला, बरोबर शून्य. परत जागेवर बसवला. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला, पेटीने आपलं सेटिंग जसंच्या तसं ठेवलं. मग दोष कुणाचा? तेवढ्यात खरीच लाइट गेली. पंखा थांबला तशा तिथल्या बाया उठल्या आणि मूर्तींवर ओली फडकी टाकायला लागल्या, कोंडलेल्या उष्णतेने तडकू नयेत म्हणून. लाइट आल्यावर फडकी काढली आणि त्यांतली दोन त्या दांडीवर वाळत टाकली.

"हे इथे का?" मी विचारलं.

"मंग कुठं टाकू? खुंटी हाय ना ती," एकजण म्हणाली.

ओल्या फडक्याखाली सेन्सर माठातल्या पाण्यासारखा गार होणार. पेटीला वाटणार खोली गार आहे, आणि हीटर तापतच राहणार. लाइट जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा हेच. आम्ही समोरच्या भिंतीवर खरी खुंटी ठोकली. त्यानंतरची खेप अखंड निघाली आहे.

भाची सगळ्यांना सांगत सुटली आहे, मावशीने बघताक्षणी ओळखलं. मी तिला दुरुस्त केलेलं नाही. हे पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. लाइट आली तेव्हा बर्फाने ओला झालेला नॅपकिन वाळत टाकायला मीही त्याच दांडीकडे निघाले होते. ती बाई मला बाजूला सारून म्हणाली, "थांब गो मावशी, माजी फडकी टाकू दे आदी." नाहीतर मीच तिथे नॅपकिन टांगून, पेटी बदला असं सांगून, पेणच्या गाडीत बसले असते.