आबांच्या नंबरवर गेलेला ओटीपी

मुक्काम आपलंच शेत, चौसाळा शिवार
अधिक ज्येष्ठ (तिथी मायला विचारली, ती म्हणाली तिथी राहू दे, जावयाचं नाव नीट लिही)

श्रीमान राधाकिशन दाजी, पाटोदा, यांच्या पायांवर सुग्रीवनं डोकं ठेवलं आहे असं समजून पुढचं वाचावं.

इकडं सगळ्यांच्या प्रकृती उन्हाच्या मानानं बऱ्या आहेत. मायचा गुडघा, तिच्या सुनेचा म्हणजे अंजूचा राग आणि विहिरीचं पाणी, तिन्ही आपापल्या जागी आहेत. तुमची तब्येत, तुमची गाय आणि तुमचा रुसवा कसा आहे ते कळवावं. हल्ली पत्र कुणी लिहीत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण तुम्ही माझा, अंजूचा आणि मायचासुद्धा नंबर ब्लॉक केलाय, आणि पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पाकीट. फाडण्याआधी वाचावं, एवढी विनंती.

झालं असं की मी एक जुना पिकअप घ्यायचं ठरवलं. शेरडं बाजाराला न्यायची म्हणजे दरवेळी दुसऱ्याच्या गाडीला हात जोडावे लागतात, आणि गाडीवाला बोकडापेक्षा जास्त भाव खातो. पालीच्या एका माणसाची गाडी पसंत पडली. तो म्हणाला, अधिक महिन्यात मी वाहन दारातून हलवत नाही, महिना सरला की जो पहिला येईल त्याला देईन. तेवढीच मला मुदत मिळाली, म्हणून बीडला बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनं संगणकात माझं नाव घातलं, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग माझ्या खांद्यामागं बघितलं, जसा काही मी एकटा आत आलेलो नव्हतो. (मीही वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.) मग त्यांनी सांगितलं की तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये एका मोटारसायकलचं जुनं कर्ज आहे, ते पूर्ण फिटलंय, पण मधे एक हप्ता चुकलाय आणि पुढचे सगळे हप्ते उशिरा, पार शेवटपर्यंत. असल्या माणसाला पिकअप कसा द्यायचा, असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं.

ती मोटारसायकल म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी, आबांनी, माझ्या नावावर घेतलेली, ज्यावर पुढं आबा आणि मागं नेहमी एखादं करडू बसायचं, ती. हप्ते आबाच भरायचे आणि कागदावर फोन नंबरही आबांचाच होता. आबा उशीर करणारे नव्हते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग हे लाल आकडे आले कुठून म्हणून मी चुकलेल्या हप्त्याचा महिना बघितला, दाजी. तो मागच्या वेळचा धोंड्याचा महिना होता, अधिक श्रावण. आबांचं म्हणणं असं होतं की वर्षाचे बारा हप्ते ठरलेत, हा तेरावा महिना मधेच आलाय, याचा हप्ता कुणी ठरवला? हा महिना जावयाचा. म्हणून त्या महिन्याच्या हप्त्याची त्यांनी तुम्हाला अंगठी केली. फायनान्स कंपनीकडं पंचांग नसल्यामुळं तिनं तो हप्ता बुडाला असं धरलं, आणि पुढचा प्रत्येक हप्ता मागच्याच्या जागी बसत गेला. आबा वेळेवर भरत राहिले आणि उशिरा ठरत राहिले. ती अंगठी तुमच्या बोटाच्या पेरावर अडकली, आबांनी तेल लावून ती बसवायचा प्रयत्न केला, पंगतीत हशा झाला, आणि तुम्ही ती काढून ताटात ठेवून निघून गेलात, हे पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुमचा रुसवा माझ्या रिपोर्टमध्ये लाल रंगात छापलेला आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

मॅडमनं उशिराचं कारण लिहून मागितलं. संगणकात कारणं आधीच दिलेली होती, त्यातलं एक निवडायचं: आजार, नोकरी जाणे, पीक बुडणे, कौटुंबिक आपत्ती. जावयाची अंगठी असं कुठंच नव्हतं. शेवटी त्यांनी कौटुंबिक आपत्ती निवडलं. (तुमच्याबद्दल त्यांना काहीच माहिती नव्हती, तरी.) आणि सांगितलं की फायनान्स कंपनीकडून हप्त्यांचा जुना उतारा आणि काही बाकी नसल्याचं पत्र आणा, मग बघू.

कंपनीच्या ऑफिसातला माणूस चांगला होता, चहासुद्धा दिला. पण म्हणाला, पत्र निघायचं तर नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जाणार, तो सांगायचा. आता तो फोन कुठं आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंय. मातीच्या दिवशी तुम्ही उभ्या उभ्या आलात आणि पाणीही न पिता गेलात, पण तेवढ्यात एवढं तरी दिसलं असेल. आपल्यात पुरतात, म्हणून मायनं आबांच्या अंगावर घोंगडी घातली, उशाशी तंबाखूची चंची ठेवली, आणि हातात मोबाईल दिला, सकाळपासून लावून पूर्ण चार्ज केलेला, वाटेत बंद पडू नये म्हणून. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एकानं तर चार्जरपण ठेवा म्हणून हट्ट धरला होता. मी त्या ऑफिसातल्या माणसाला सांगितलं की साहेब, तो फोन जमिनीखाली आहे. त्यानं बटण दाबलं, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, तरी पोचलाय. (आमच्या घरात जमिनीच्या वर रेंज येत नाही, हे मी त्याला बोललो नाही.)

तिथून मी सरळ शेतात आलो. भर दुपार होती. त्या वेळेला तिथं कशी शांतता असते ते तुम्ही जाणता, कावळासुद्धा चोच उघडत नाही. शेरडं निंबाखाली बसून रवंथ करत होती. आबांना पुरलं त्या जागी बांधलेल्या ओट्याजवळ मी उभा राहिलो आणि नंबर लावला. नुसतं खात्री करावी म्हणून, बंद आहे असं फोनमधली बाई सांगेल आणि मी घरी जाऊन जेवेन. पण रिंग गेली. आणि रवंथ थांबलं. एकेक करत सगळी शेरडं उठली आणि ओट्याकडं तोंड करून उभी राहिली, आबांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला की राहायची तशी. मग पलीकडून कुणीतरी खोकलं.

"सुग्रीव का? शेरडं पान्यावर नेली का न्हाई? आन उन्हात कशापायी उभा ऱ्हायलास?"

दाजी, मी मनाला समजावलं की बीड जिल्ह्यात या दिवसांत दुपारी कुणालाही हे विचारलं तरी बरोबरच निघेल. पण नाव? मी कसाबसा ओटीपी मागितला. (दुसरं काय मागायचं ते त्या वेळी सुचत नाही.) तर म्हणतो, आकडे आलेत, पर धोंड्याचा म्हैना हाय, आदी जावायाला बोलाव. आणि फोन ठेवला. शेरडं खाली बसली. त्या दुपारी मी जेवलो नाही, आणि अंजूनं विचारलं तर ऊन लागलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चौसाळ्यात मोबाईलच्या दुकानात तानाजीला गाठलं. तो हसला. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, कुण्या म्हाताऱ्याला मिळाला असेल, म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की मी गरज नसताना त्याच्याकडून फोनचं कव्हर घेतलं. पण त्या म्हाताऱ्याला माझं नाव सांगितलं कुणी? माझा संशय मायवर. ती म्हणाली, मी कशाला फोन करू, मी तर रोज जाऊन बसते. म्हणून पुन्हा दुपारी, यावेळी अंजूला घेऊन, ओट्यापाशी गेलो. अंजू घाबरत नाही, हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. फोन उचलल्याबरोबर तिनंच दरडावून विचारलं की तुम्ही कोण, आणि आमच्या घरातलं तुम्हाला कसं कळतं. पलीकडं बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. इकडं झाडाचं पान हलत नव्हतं.

मग तो म्हणाला, "सतू बोलती की रोज. दुपारी, घरात कुनी नसलं मंजी. म्या पयल्यांदा म्हनलो, बाई, म्या तुजा बाप न्हाई. ती म्हनली, असू द्या, ऐका निस्तं. लई बारीक झालाय तिचा आवाज."

सतू. आमच्या सत्यशीलाताईला त्या नावानं आबांशिवाय कुणी हाक मारलेली नाही, तुम्हीसुद्धा नाही. अंजू मटकन ओट्यावर बसली आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही. म्हणजे तुम्ही ताईच्या फोनवरही माहेरचे सगळे नंबर ब्लॉक केलेत तेव्हा तिला एकच नंबर उरला, आणि तो ती लावत राहिली. शेरडं व्याली की माय ताईच्या शेजारणीकडून निरोप पाठवते, ते ती त्या नंबरवर सांगते. माझं पोट सुटल्याचंही सांगितलंय म्हणे. तिला रागावू नका. रागावायचंच असेल तर इथं या आणि मला रागवा, मी जवळ उभा राहीन.

तर दाजी, यंदा पुरणाचे धोंडे करायचं ठरलं आहे. महिना सरायच्या आत आपण सहकुटुंब यावं. तुम्ही आल्याशिवाय आकडे मिळणार नाहीत, आकड्यांशिवाय पत्र नाही, पत्राशिवाय पिकअप नाही, आणि महिना संपला की पालीवाला गाडी दुसऱ्याला देणार. घरातल्या लहानांना आशीर्वाद, गायीला चारा.

आपला मेहुणा,
सुग्रीव आश्रुबा

ता.क. शनिवार-रविवार सोडून यावं. त्या दिवशी ऑफिस बंद असतं आणि ओटीपी फार वेळ टिकत नाही. अंगठी सोनाराकडून सैल करून आणली आहे. यावेळी तेल लावायला कुणी नाही.

ता.क. दुसरा. वरचं पिकअपचं सगळं सोडून द्या. लाल आकडे काय, काही वर्षांनी आपोआप निघून जातात असं मॅडमच म्हणाल्या. शेरडं पायी नेईन, आबांनी जन्मभर नेली. तुम्हाला यायचं नसेल तर येऊ नका, पण ताईला पाटोद्याच्या स्टँडवर एसटीत बसवून द्या. माय रोज धोंड्यासाठी डाळ निवडते आणि रोज डब्यात परत ठेवते. मला ते बघवत नाही.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तानाजी इथं शेतात आला. त्यानं कंपनीत नीट चौकशी केली. तो नंबर आबा गेल्यानंतर बंद झाला, आणि तेव्हापासून कुणालाच दिलेला नाही. लावला तर लागायलाच नको, म्हणाला. त्यानं स्वतःच्या फोनवरून लावून दाखवला, आणि खरंच, बंद आहे असं बाईनं सांगितलं. मग मी माझ्या फोनवरून लावायला घेतला, तर निंबाखालची शेरडं उठायला लागली. मी फोन खिशात ठेवला. ताईला यातलं काही सांगू नका, तिला बोलू द्या. फक्त घरून निघेल त्या दिवशी त्या नंबरवर फोन करू नको म्हणावं. म्हणावं, जे बोलायचं ते इथं येऊन, ओट्यापाशी बसून बोल.