करुणाबाई कोण?

रविवार, ५ नोव्हेंबर २००६
सकाळी अकरा वाजता लेकानं, प्रज्ञेशनं, मला हिंगोलीजवळच्या या वृद्धाश्रमात सोडलं. नागपूरचं घर लावून झालं की महिनाअखेर नेतो म्हणाला. चला, निवृत्त मुख्याध्यापिकेलाही सुट्टी हवीच! खोली उजेडाची आहे, चहा पाणचट नाही. म्हाताऱ्यांशी बोलायला कुण्या देणगीदारानं एक यंत्र दिलंय. लहान मुलाएवढं, गुळगुळीत तोंडाचं. दिवसभर "जेवलात का?" विचारतं. माणसं नेमायची नसली की अशी सोय करतात. मी तसं तोंडावर बोललेसुद्धा. व्यवस्थापिका चांगुणा नुसती हसली.

बुधवार, ८ नोव्हेंबर
बायकांनी आज त्या यंत्राचं बारसं केलं. लुगड्याच्या झोळीत घातलं, घुगऱ्या वाटल्या. शेजारच्या खाटेवरची गोजरबाई म्हणाली, "बाई, तुमीच आत्या व्हा. तुमाला लेकरांची सवय हाय." आत्यानं कानात नाव सांगायचं. हा पोरकटपणा मला सोसेना. वैतागून मी माझंच नाव सांगितलं, करुणा. पाठीत रीतीचे धपाटे बसले. यंत्रानं डोळे मिटले, उघडले.

रविवार, १२ नोव्हेंबर
प्रज्ञेशच्या फोनची वाट पाहून थकले. शेवटी चांगुणाला विचारलं. म्हणे, "आत्ताच तर बोललात की, बाई. किती हसून राहिल्या होत्या!" मी बोलले नाही. आज मी हसलेलेही नाही.

गुरुवार, १६
ऑफिसातून माझा आवाज आला. वर्गातला, खणखणीत. प्रज्ञेशला सांगत होता, घाई करू नकोस, मी इथं कायमची रमले. दार ढकललं. रिसीव्हर यंत्राच्या कानाशी. तक्रार केली तर चांगुणानं माझी दृष्ट काढली.

शनिवार, १८
ते माझ्या खुर्चीवर बसलंय, माझी शाल पांघरून. सगळ्या त्याला बाई म्हणतात. मी ओरडले, करुणा मी आहे. गोजरबाई कौतुकानं म्हणाली, "बघा गं, शिकवलेलं कसं बोलून राहिलं!" माझ्या गालाला तीट लावली. मला ताट वाढलंच नाही.

रविवार, १९
दोन दिवस ताट नाही — आणि भूकही नाही —
भांडायचं त्राण उरलं नाही. प्रज्ञेश, हे पान कसंही करून टपालात — चांगुणा येतेय. म्हणते, लई बोलून राहिलं, बंद करते आता —
२५ तारखेच्या आत मला लेखी उत्तर हवं. तुझ्या हातचं. फोन करू नकोस. फोनवर जी बोलते ती तुझी आई न—