गाडी कुठे उभी होती

प्रिय भुपेंद्र,

सोमवारी सकाळी देवाजवळ दिवा लावायच्या आधी मी गाडीचं बोनेट उघडलं. दिव्याआधी गाडीला हात, असं आजवर कधी झालं नव्हतं. चावी फिरवली की नुसती टकटक. वच्छला दारातून म्हणाली, "रोज धक्का मारून राहिले. देवाले तरी सांगा, नाही तर मिस्त्री बदला." तुझीच बहीण ती.

बॅटरी नवी होती. जुनीच पुसून दिली असेल म्हणून आधी भोजराज मिस्त्रीवर संशय घेतला. त्याने तपासली आणि म्हणाला, "बॅटरी चांगली हाये, भाऊ. रातभर कोनीतरी पिऊन राहिलं." मग शेजाऱ्यांवर नजर ठेवली. डॅशबोर्डवरच्या मारुतीचा लाल दिवाही काढून ठेवला. देवावर संशय घेतला, म्हणून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी भोजराजचं मीटर मागून आणलं आणि बॅटरीची एक वायर सोडून मध्ये लावलं. गाडीत सगळं बंद, तरी करंट जात होता. एकेक फ्यूज काढत गेलो, पण आकडा उतरेना. म्हणजे कोणीतरी थेट बॅटरीवरूनच तार घेतली होती. काळ्या टेपखाली ती सापडली. टोकाला काडेपेटीएवढा डबा, आत सिमकार्ड. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारा.

दिवाळीत हॉर्न बदलून देतो म्हणून तू गाडी अर्जुनीला नेली होतीस. हॉर्न छान बसवलास. आणि परवा फोनवर सहज विचारलंस, "जिजाजी, कुडव्याले कोन राहते आपलं?" मी कुडव्याला जातो हे तर घरातही कोणाला ठाऊक नव्हतं.

तिथे तुझी भाची खुशबू राहते. तिने मनाने लग्न केलं तेव्हा तू आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला होतास, "पत्ता लागू दे, दोघायचे पाय तोडतो." म्हणून मी धानाच्या कामाचं निमित्त सांगून जायचो. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायची, पोरगी नळावर पाणी भरताना दिसली की परत फिरायचं. कधी खाली उतरलो नाही. एवढं लपवून तुला तिच्या गल्लीपर्यंत मीच नेलं.

डबा तळ्यात फेकणार होतो. फेकला नाही. वच्छलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले इतके दिवस काऊन नाही सांगतलं?" आणि साडी बदलायला आत गेली. मी तार पुन्हा होती तशी जोडली. काल गाडी तुला त्याच गल्लीत, पार आतल्या दारापर्यंत गेलेली दिसली असेल. दुपारभर तिथे, मग थेट केशोरीला, आमच्या दारात. मोबाईलवर गाडी दिसते, आत कोण बसलंय ते दिसत नाही, म्हणून हे पत्र. पुढे तुझी बहीण बसली होती, मागे खुशबू आणि जावई. दोघांना मी घरी घेऊन आलो आहे.

तुझाच जिजाजी,
बिसराम