वरची पातळ तार

बाबा, या आठवड्यात आमच्या शाळेत दहा युकुलेले आली. मी आता उमरखेडला संगीत शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा नववीत होते, त्यामुळे हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. काल खोकी उघडून मुलांच्या हातात एकेक दिलं, तर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सगळ्यात वरची तार जाडी पाह्यजे न? ही तं पातळ हाये."  पाणी पिऊन येते म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, राजूरला, आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत होती. तुम्ही नागपूरहून कान तपासून आला होता. इतकी वर्षं खाणीत ड्रिल मशीन धरलं, त्या आवाजानं तुमचे कान हळूहळू गेले. डॉक्टर काय म्हणाले ते आईनं दोनदा विचारलं. तुम्ही ते सांगितलंच नाही. पिशवीतून हे चार तारांचं वाद्य काढलंत आणि माझ्या मांडीवर ठेवलंत. वर्षभर मी गिटार पाहिजे म्हणून मागे लागले होते ना. "दुकानदार म्हने, लहान पोट्ट्यायचं गिटार हाये हे," तुम्ही म्हणालात. खोक्यावर दुसरंच नाव होतं, पण ते आपल्या दोघांनाही नीट वाचता आलं नाही.

मला वाटलं, गिटारसारखं वरून खाली चढत जायचं असेल. म्हणून मी वरची तार इतकी ढिली केली की ती नुसती फरफरायला लागली, आणि खालची ताणत ताणत तोडली. बोटाला लागलं. तुम्ही रागावला नाहीत. वणीहून नवी तार आणलीत आणि विहारातल्या गायन मंडळाची पेटी जवळ ओढलीत. ती तुम्हीच वाजवायचात म्हणून आपल्याच घरी असायची. "पातळ तारीले खाली कायले उतरवतं?" तुम्ही मला विचारलंत. "जे तिचं हाये थेच माग न तिले." मग एकेक तार, जिथे ती ओढल्यासारखी वाटत नाही आणि फरफरतही नाही, तिथपर्यंत आपण नेली. पेटीवर पांढरी एकचा सा धरला. वरून प, मग सगळ्यात खालचा सा, मग ग, शेवटी ध. म्हणजे वरची आणि शेवटची तार दिसायला एकमेकींपासून लांब, पण सुरात अगदी शेजारणी. हे कळलं तेव्हा तुम्ही किती हसला होता.

पेटीची पट्टी मी दाबून धरायची आणि तुम्ही वाद्याच्या लाकडावर जबडा टेकवून, डोळे मिटून तार छेडायचात. दोन सूर जवळ आले पण जुळले नसले की आवाजात एक लाट उठते. ती तुम्हाला हाडातून कळायची. "अजून हालून राह्यलं," तुम्ही म्हणायचात आणि खुंटी केसभर फिरवायचात. लाट लांबत जायची, आणखी लांबत जायची, आणि थांबायची. "हं. बसली." दुसऱ्या दिवशी तार पुन्हा उतरलेली असायची. मी वैतागायचे. "नवी हाये न थे," तुम्ही समजूत घालायचात. "रोज उतरन, रोज चढवाची."

त्या थंडीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि मी गाणार, वाजवणार होते. घरून आपण दोघं मिळून सूर लावून निघालो होतो. मैदानावर माझा नंबर येईपर्यंत बराच वेळ गेला. स्टेजच्या पायऱ्यांपाशी मी वर्गातल्या मुलींबरोबर उभी होते, तेव्हा तुम्ही गर्दीतून पुढे आलात. "आन इकडं. थंडीत उतरली असन, एकदा पाहून देतो." माझ्या हातातून युकुलेले घेतलंत, खाली वाकलात आणि सगळ्यांसमोर लाकडावर जबडा टेकवलात. मी ते ओढून घेतलं. म्हणाले, "बाबा, राहू द्या. तुम्हाला ऐकू तरी येते का काही?" हे मी सावकाश म्हणाले, ओठ नीट हलवून, तुमच्याशी नेहमी बोलायचे तसं, म्हणजे तुम्हाला कळावं. तुम्हाला कळलं. तुम्ही शर्टाच्या बाहीनं लाकडावरचा तुमच्या जबड्याचा डाग पुसलात आणि मागे जाऊन शेवटच्या रांगेत बसलात.

वरची तार उतरली होती, बाबा. पहिल्याच झटक्याला समजलं. प खाली गेला की कुठलाच सूर धड लागत नाही. मी गात राहिले, माझा गळाही तिच्यामागे घसरत गेला, आणि दुसऱ्या कडव्यात आमच्या सरांनी मान खाली घातली. लोकांनी उगाच थोड्या टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र उभे राहून वाजवत होता. परत येताना वाटेत विचारलंत, "चांगलं झालं न?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत सांगत फिरलात, माह्या पोरीनं काय वाजवलं म्हनून.

त्यानंतर तुम्ही माझ्या युकुलेलेला हात लावला नाही. मी सूर लावायला बसले की तुम्ही उठून अंगणात जायचात. मीही कधी बोलावलं नाही. उद्या बोलावू, असं मात्र रोज वाटायचं. दोन महिन्यांनी रात्रपाळी करून सकाळी तुम्ही पायी घरी येत होता आणि मागून ट्रक आला. ड्रायव्हर आपल्या दारात येऊन रडत होता. "दो बार हॉर्न दिया, मांजी," तो आईला सांगत होता. तो खरं बोलत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता फोनवर सूर लावता येतो. काटा मधे आला की हिरवा होतो, मुलं मिनिटभरात लावून मोकळी होतात. काल व्हरांड्यातून परत आल्यावर मी फोन बंद करायला लावले. पेटीवर सा धरला आणि त्यांना लाट ऐकायला सांगितलं. अर्धा तास गेला, दोनच युकुलेले लागली. त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. तुम्ही दिलं होतं तेच दिलं, फक्त तुमचं आहे हे सांगितलं नाही.

आई माझ्याकडेच असते. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते, पण आता नाही दाखवणार. वहीतच राहू दे. संमेलनाच्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, काहून जेवले नाईत? मी सांगितलं, वर्गातल्या पोरी बाबांना हसल्या. तिनं ते मनात ठेवलंय. मागे वणीला एका लग्नात त्यातली एक भेटली, पाया पडायला वाकली, तर आईनं पाय मागे घेतले. बाबा, कोणीच हसलं नव्हतं. त्याच मुलीनं तेव्हा पायऱ्यांपाशी माझा हात धरून म्हटलं होतं, थांब न, लावू दे न त्यायले.