वावटळीत उडालेला पत्रा

लोहारा
१९ मे २०२२

ती. शिवशरण अण्णांना शिवप्रियाचा शरणार्थ. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

इकडं ऊन लई तापलंय. शेवग्याला यंदा शेंगा भरपूर आल्या. तुमच्या पोफळी पुन्हा उभ्या राहिल्या हे वाचून बरं वाटलं.

निवृत्तीनंतर दापोली सोडून लोहाऱ्यात घर बांधावं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. "तिकडं तरी वादळ न्हाय," म्हणालात. मी "बघू" म्हणून फोन ठेवला, कारण ह्ये समोरच बसले होते. म्हणून हे पत्र.

आधी घराचं सांगते. तुमचं निसर्ग वादळ येणार हे चार दिवस आधी कळलं होतं. त्याला नाव होतं. तुम्ही कौलं बांधली, कागदपत्रं डब्यात घातली, शाळेत जाऊन राहिलात. मग ते आलं आणि तासन् तास, गावंच्या गावं झोडपत गेलं. झाडं पडली, पाणी शिरलं, महिनाभर लाईट नव्हती. आमच्याकडची वावटळ तशी नसते. ती सांगून येत न्हाय. दोन-चार मिनिटांत येते न जाते, आणि तिची वाट एखाद्या गल्लीएवढी. आमच्या गच्चीवरचं शेड तिनं उचललं, आणि पलीकडच्या घराच्या दोरीवरचं लुगडं जागचं हाललंसुद्धा न्हाय. तुमच्याकडं जीव वाचवायला वेळ मिळतो, पण घर वाचणं अवघड. इथं बहुतेक घरं वाचतात, पण ज्याच्यावर येते त्याला आत पळायलाही सवड न्हाय.

आमच्यावर मागच्या आठवड्यात आली. दुपारी. शेताकडनं धुळीचा खांब फिरत आला, कानात दडे बसले आणि वर कडाडकड आवाज झाला. मी बाजेखाली शिरले. आम्ही सुखरूप आहोत. शेजारच्या हुसेनबी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होत्या, त्यांना पत्रा लागला. फारुखनं आईला जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. उजवा हात तुटता तुटता राहिला, पण बोटं हालत न्हाईत. डॉक्टर म्हणाले, आता हालणारही न्हाईत.

पत्रा कुणाचा, हे मी वर लिहिलं न्हाय. लिहायला घेतलं की तोंडाला पाणी सुटतं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं.

आमचाच होता, अण्णा. दिवाळीनंतर ह्यांनी शेड मारलं तेव्हा मी तुमचा दाखला दिला होता, की अण्णा सांगतात, हुक मारून नटबोल्ट आवळून घ्या. ह्ये हसले. "इथं काय समुद्र हाय व्हय? दगडं ठेव वर, लई झालं." दगडं ठेवली. वावटळीनं दगडांसकट नेलं.

त्याचंही एक वेळ मी समजून घेतलं असतं. चूक माणसाकडनं होते. पण फारुख सोलापूरला असताना दिवस मावळायच्या आत ह्ये त्यांच्या अंगणात गेले, आमचा निळा पत्रा ओढत घरी आणला आणि मोटारीचा पाईप लावून धुतला. लाल पाणी शेवग्याच्या बुडाशी गेलं. मग हात-पाय धुऊन जेवायला बसले. "आमटी झकास झालीय," म्हणाले. वर आणखी एक भाकर मागितली. मी ती वाढली, ह्याची मला माझीच शिसारी येते.

सकाळी तोच पत्रा त्यांनी पुन्हा वर चढवला. वाकलेल्या कोपऱ्यावर पुन्हा दगडच. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा त्यांना चहा पाजून सांगितलं, "म्हातारीला तिच्याच न्हाणीचा पत्रा लागला. वाऱ्यापुढं कुणाचं काय चालतंय?" आवाज इतका मऊ, की तलाठ्यांनीच ह्यांचं सांत्वन केलं. ह्यांचं अंथरूण माझ्या शेजारी असतं, अण्णा. त्यांचा हात अंगावर पडला की मी उठून न्हाणीत जाऊन अंग धुवायची.

परवा फारुख आईचे कपडे न्यायला आला. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फारुख, सगळी अल्लाची मर्जी बघ."

तेवढं मला सहन झालं न्हाय. मी म्हणाले, "फारुखभाई, वर बघा. कोपरा वाकलेला तो पत्रा. त्यानंच अम्मीचा हात कापला. ह्यांनी तो धुऊन परत चढवलाय."

"डोकं फिरलंय हिचं," ह्ये म्हणाले. "वादळाला घाबरलीय."

फारुख जिना चढून वर गेला. मला वाटलं, आता मारामारी होणार. त्यानं वरनं हाक दिली, "भाभी, ये उतारना है. जरा हात लावता?"

आम्ही दोघांनी मिळून तो खाली उतरवला. दुसऱ्या दिवशी मी तहसिलात गेले. तिथं तलाठ्यांना गाठून सगळं सांगितलं आणि जबाबाखाली सही केली. घरी आले तर ह्यांनी दार अडवलं. "नवऱ्याला गावात नागडं केलंस. आता आत पाय ठेवायचा न्हाय."

मी म्हणाले, "ठेवायचाच न्हाय मला."

हुसेनबी कालच घरी आल्या. त्यांना डाव्या हातानं जेवता येत न्हाय, मी भरवते. पहिला घास तोंडाशी नेला तर त्यांनी मान मागं घेतली. "पहले बोल बेटी, तू खाई क्या?" मी तोंड फिरवून रडले. मग त्यांच्याच ताटात जेवले. वावटळीनंतर पहिल्यांदा अन्न गोड लागलं.

तुम्ही या, घर बांधा. खुशाल बांधा. स्लॅब टाका, पत्रा घातलात तर हुक मारा, गच्चीवर सुटं काही ठेवू नका. मला न्यायला मात्र येऊ नका. आणि ह्यांचा फोन येईल, समजूत घालायला सांगतील, तर घालू नका.

उत्तर जुन्या पत्त्यावर पाठवू नका.

तुमची बहीण,
शिवप्रिया
मुक्काम हुसेनबींचं घर, लोहारा