चार महिन्यांचा ग्रंथपाल

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या तो उभ्यानेच समजावा.) तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि उत्तर आज लिहितोय, त्याची आधी माफी मागतो. तीनदा लिहायला बसलो, तीनदा फाडलं. मास्तरीण बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे आधीच शुद्धलेखनाची धास्ती, त्यात बातमी अशी की लिहिताना माझी मलाच खोटी वाटते. तुझी कंबर कशी आहे? भाऊजी खोकल्याचं औषध अजून कुंडीतच ओततात का? असो.

बातमी अशी, की मी ग्रंथपाल झालोय. हसू नकोस. आमच्या वाचनालयातल्या बाई लेकीच्या बाळंतपणाला चार महिने गेल्या. मी नेहमीसारखा मागच्या खोलीत पुठ्ठ्यांना खळ लावत बसलो होतो, तर चिटणीस आले आणि म्हणाले, "काका, तीस वर्षं या पुस्तकांच्या बांधणीला तुमचाच हात लागतोय. तुमच्याइतकी पुस्तकं आणखी कोणाला माहीत असणार?" मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की न्हाव्याला डोकी माहीत असतात तशी मला पुस्तकं माहीत आहेत. पण मी मान हलवली. (आपल्या घराण्यात मान हलवण्याने फार घोटाळे झालेत. बाबांनी अशीच हलवली आणि भाऊजी घरात आले. एवढं त्यांना वाचून दाखवू नकोस.)

दुसऱ्या दिवसापासून मी बाईंच्या खुर्चीत. खुर्चीला चाकं आहेत, त्यामुळे कोणी काही विचारलं, की मी आपोआप मागे सरकतो. लोक म्हणतात, काहीतरी चांगलं द्या. चांगलं म्हणजे मला एवढंच कळतं, की शिवण पक्की, पानं शाबूत आणि खळीला कुबट वास नाही. एका प्राध्यापकांना पुस्तक देताना मी तोच वास बघितला, तर ते गावभर सांगत सुटलेत, की काका नुसतं हुंगून पुस्तक पारखतात. मी भीतीने गप्प बसतो, त्याला लोक विद्वत्ता म्हणतात. आता बोललो तर उघडा पडणार, आणि नाही बोललो तर आणखी विद्वान ठरणार.

मग आले वकीलसाहेब. त्यांच्या बायकोने वर्षभर अंथरूण धरलंय. म्हणाले, "नेलेलं प्रत्येक पुस्तक ती दोन पानांत मिटते. तुम्ही सुचवा." मला काय सुचणार? मी विचारलं, त्या वाचतात कशा, बसून की निजून? निजून, म्हणाले. म्हणून मी पातळसं, हातात न पेलताही छातीवर आपोआप सपाट उघडं राहील असं एक काढून दिलं. ते निघालं मधमाश्या पाळण्याचं. चार दिवसांनी वकील दारात दिसले तशी मी खुर्चीसकट कपाटाआड गेलो. तर म्हणतात, "काका, वर्षात पहिल्यांदा तिने पुस्तक संपवलं. आता विचारतेय, गच्चीवर एक पेटी ठेवू या का. दुसरंही तुम्हीच निवडा."

दुसरा कोणी असता तर फुगला असता. मी पळवाट शोधतोय. कारण पुढच्याच्या पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे आणि तिथे मी दहा मिनिटं बोलायचंय, 'वाचनाने मला काय दिले'. फळ्यावर माझ्या नावामागे 'व्यासंगी' असं लिहिलंय. (अर्थ शब्दकोशात बघितला. तो कोश मीच दोनदा बांधलाय, उघडला पहिल्यांदा.) अक्का, चौथीनंतर शाळेचं आणि माझं पटलं नाही, हे तुझ्याशिवाय आता कोणाला ठाऊक आहे? मी ओळीखाली बोट धरून वाचतो. आयुष्यात पुरी केलेली पुस्तकं अडीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि माझी भर सभेत उघडणार.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तू आजारी आहेस आणि मला ताबडतोब बोलावलंय, असं पत्र धाड. फार आजारी पडू नकोस, चिटणीस स्वतः मला पोचवायला येतील. थोडीही नको, सभा आटोपून जा म्हणतील. मध्यम पड.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघालो, तर वकील येऊन गेले. दुसरं पुस्तक मी अजून दिलेलं नाही. सपाट उघडणारी तीन काढली, पण या खेपेला आत काय आहे ते न बघता देववेना. एकात पन्नासाव्या पानावर आजारी बाई मरते, ते परत ठेवलं. दुसऱ्याच्या चाळिसाव्या पानावर आहे, बोट धरूनच. माझं वाचून होईपर्यंत आजारपण थांबव.

ता. क. तिसरा. वकील बायकोला चाकाच्या खुर्चीतून सभेला आणणार आहेत. वर्षात पहिल्यांदा ती उंबऱ्याबाहेर पडतेय, तेव्हा तू आता ठणठणीतच राहा. मी एवढंच सांगेन, की पुस्तक देण्याआधी माणूस कसा वाचतो ते विचारावं. चौथीचंही सांगेन. (शेवटी, लोक उठायला लागले की.) तू जन्मभर मुलांची भाषणं बसवलीस, म्हणून विचारतो, दहा मिनिटांना किती पानं लागतात? माझी पावणेदोन झालीत आणि सांगायचं अजून पुष्कळ राहिलंय. उलट टपाली कळव, अक्का, डोळे लावून बसलोय.